चिमणीवरचा आकडा वाचणार कोण? पर्यावरण मंत्रालयातील माणसे आणि संगणक यांचे नियोजन

समजा, एका औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्याच्या चिमणीवर धूलिकण मोजणारे यंत्र बसवलेले आहे. रात्री अडीच वाजता त्या यंत्राने घेतलेली नोंद ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बरीच वर जाते. थोड्याच वेळात तो आकडा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि दिल्लीतील केंद्रीय मंडळाच्या सर्व्हरवर पोहोचतो आणि संबंधितांच्या मोबाइलवर इशाऱ्याचा संदेशही जातो. इथपर्यंतचे काम यंत्राचे आणि संगणकाचे आहे, आणि ते सहसा नीट होते. पुढे तो संदेश कोण उघडतो, उघडणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो का, दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यावर जायला त्याच्याकडे वेळ आणि गाडी असते का, आणि गेल्यावर आणलेल्या नमुन्याची तपासणी करायला प्रयोगशाळेत विश्लेषक असतो का, हे प्रश्न मनुष्यबळाचे आहेत. सरकारी कामकाजात संगणकाचा आराखडा एका टेबलावर आणि पदांचा आराखडा दुसऱ्या टेबलावर तयार होतो. वर वर्णन केलेला संदेश नेमका त्या दोन टेबलांच्या मधल्या जागेत हरवतो. ती जागा का निर्माण होते आणि ती कशी बुजवता येईल, हे भारताच्या पर्यावरण मंत्रालयाच्या उदाहरणावरून समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

अशी यंत्रे बसवण्याची सक्ती तशी जुनी आहे. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी मानल्या गेलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना धूर आणि सांडपाणी यांची अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवून त्यांच्या नोंदी ऑनलाइन पाठवण्यास सांगितले. औष्णिक वीज, सिमेंट, साखर, मद्यार्क, कागद, खते, कातडी, रंगद्रव्ये अशा उद्योगांचा त्यात समावेश होता. त्यानंतर अनेकांची अशी समजूत झाली की आता निरीक्षकाची गरज कमी होईल. यंत्र चोवीस तास पाहत असताना माणसाने वर्षातून दोनदा जाऊन काय वेगळे कळणार, असा तो युक्तिवाद होता.

या युक्तिवादाला पहिली अडचण कायद्याचीच येते. हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ सालचा आहे. त्याच्या कलम २६ नुसार चिमणीतील धुराचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकायचा असेल, तर तो घेण्यापूर्वी कारखानदाराला नोटीस द्यावी लागते, त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष नमुना घ्यावा लागतो, तो मोहोरबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात आणि तो विनाविलंब मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. सांडपाण्यासाठी १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये अशीच पद्धत आहे. तिथे नमुन्याचे दोन भाग करण्याचीही तरतूद आहे. म्हणजे यंत्राने रात्री अडीचला पाठवलेला आकडा हा इशारा असतो. त्या इशाऱ्याचे पुराव्यात रूपांतर करण्यासाठी क्षेत्र अधिकारी, नमुने घेणारे पथक, विश्लेषक आणि पुढे प्रकरण उभे करणारा विधी अधिकारी अशी माणसांची साखळी लागते. त्यामुळे यंत्रे वाढली की माणसांचे काम पहिल्या काही वर्षांत कमी न होता वाढते, कारण पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी आता दिसू लागतात आणि दिसलेल्या गोष्टीवर कारवाई का केली नाही याचे उत्तरही द्यावे लागते.

मंत्रालय नेमके कुठे आहे?

नियोजनाचा गुंता कळायचा तर आधी घराची रचना पाहायला हवी. केंद्रात पर्यावरण विभाग १९८० मध्ये सुरू झाला, १९८५ मध्ये त्याचे पर्यावरण आणि वन मंत्रालय झाले आणि २०१४ मध्ये त्याच्या नावात हवामान बदलाची भर पडली. दिल्लीत जोरबाग येथील इंदिरा पर्यावरण भवनात बसणारे मंत्रालय स्वतः आकाराने फार मोठे नाही. तिथे तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे काम करतात. केंद्रीय सचिवालय सेवेतील अधिकारी तिथे आहेत, ठरावीक वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर राज्यांतून आलेले भारतीय वन सेवेतील अधिकारी आहेत, मंत्रालयाचे स्वतःचे शास्त्रज्ञ आहेत आणि अलीकडे कंत्राटी सल्लागारही आहेत. प्रत्येकाचे सेवाप्रवेश नियम, बढतीची शिडी आणि बदलीचे वेळापत्रक निराळे आहे. एकच काम समजून घ्यायला शास्त्रज्ञाला वीस वर्षे मिळतात, तर प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी ते समजू लागतो तेव्हा त्याची परतण्याची वेळ झालेली असते.

प्रत्यक्ष तपासणीचे बरेचसे काम मात्र या इमारतीबाहेर चालते. २०२० मध्ये मंत्रालयाने आपल्या क्षेत्रीय कार्यालयांची फेररचना करून १९ एकात्मिक प्रादेशिक कार्यालये केली. त्यांपैकी एक नागपुरात आहे. कारखान्यांवर लक्ष ठेवण्याची मुख्य जबाबदारी राज्यांच्या मंडळांवर आहे. महाराष्ट्राचे मंडळ तर केंद्रीय कायद्याच्याही आधीचे आहे. ते ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याने स्वतः केलेल्या जलप्रदूषण कायद्याखाली स्थापन झाले, आणि केंद्रीय मंडळ त्यानंतर चार वर्षांनी आले.

या रचनेतूनच दोन घड्याळे निर्माण होतात. प्रकल्पांच्या परवानग्यांचे अर्ज हाताळणाऱ्या परिवेशसारखी संगणक प्रणाली दिल्लीत ठरते, तिथल्या अर्थसंकल्पातून तिचा खर्च होतो आणि एका आदेशाने ती देशभर लागू होते. ती वापरणारी माणसे मात्र राज्यांच्या मंडळांत असतात. त्यांची पदे निर्माण करायची तर मंडळाने आकृतिबंध, म्हणजे कोणती पदे किती हवीत याचा तक्ता, तयार करायचा, तो राज्याच्या पर्यावरण विभागाने तपासायचा, वित्त विभागाने मान्य करायचा, मग सेवाप्रवेश नियमांत दुरुस्ती, बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदे वाटणाऱ्या तक्त्याची) तपासणी, जाहिरात, परीक्षा, निवड यादी आणि कागदपत्रांची छाननी. यात दोन-तीन वर्षे जाणे ही नवलाची गोष्ट मानली जात नाही. पहिले घड्याळ महिन्यांवर चालते आणि दुसरे वर्षांवर. शिवाय मंडळांच्या उत्पन्नाचा एक जुना स्रोत, १९७७ च्या कायद्याने लावलेला पाणी उपकर, वस्तू व सेवा कर लागू होताना २०१७ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून उद्योगांकडून येणाऱ्या संमतीपत्रांच्या शुल्कावर मंडळांचा भर अधिकच वाढला आहे.

या सगळ्याचा परिणाम पदांच्या आकड्यांत दिसतो. राज्यांची मंडळे आणि केंद्रशासित प्रदेशांच्या समित्या मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास पदे मंजूर आहेत आणि त्यांपैकी जवळपास निम्मी रिक्त असल्याचे केंद्रीय मंडळाच्या माहितीच्या आधारे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आले. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राज्यांना सर्वोच्च न्यायालयाने ही पदे भरण्यासाठी मुदत घालून दिली होती. ती पाळली न गेल्यामुळे मे २०२५ मध्ये न्यायालयाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना अवमानाच्या नोटिसा काढल्या. पदे भरण्यासारख्या मूळ प्रशासकीय कामासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तारखा द्याव्या लागतात, ही मला या विषयातील सर्वांत गंभीर बाब वाटते.

किती माणसे हवीत, हे कसे ठरते?

मनुष्यबळाचे नियोजन म्हणजे रिक्त पदांची यादी करणे, असा एक समज आहे. पण मंजूर पदांची संख्या ही मुळात कधीतरी, बहुधा वेगळ्या काळात, वेगळ्या कामाच्या अंदाजावर ठरलेली असते. खरे नियोजन कामापासून सुरू होते. ते कसे करतात, हे एका काल्पनिक उपप्रादेशिक कार्यालयाच्या हिशेबाने पाहू.

या कार्यालयाच्या हद्दीत लाल श्रेणीतील, म्हणजे प्रदूषणाची शक्यता सर्वाधिक असलेले, ४०० कारखाने आहेत असे धरू. प्रत्येकाला वर्षातून दोन भेटी द्यायच्या, म्हणजे ८०० भेटी. एका भेटीला एक दिवस आणि तिचा अहवाल, नमुन्यांचा पाठपुरावा, नोटीस यांना आणखी एक दिवस, असे १,६०० मनुष्यदिवस लागतात. सुट्ट्या आणि रजा वगळता एका अधिकाऱ्याचे वर्षात कामाचे २२० दिवस उरतात. त्यांतील निम्मे सुनावण्या, न्यायाधिकरणाची शपथपत्रे, माहिती अधिकारातील अर्ज, विधिमंडळाचे तारांकित प्रश्न, तक्रारींची उत्तरे आणि बैठका यांत जातात. उरले ११० दिवस. १,६०० ला ११० ने भागले की साडेचौदा, म्हणजे पंधरा अधिकारी हवेत. आकृतिबंधात मात्र सहा पदे आहेत आणि त्यांतील तीन रिक्त आहेत. उरलेले तिघे वर्षाला १६५ भेटी देऊ शकतात. उरलेल्या ६३५ भेटी होत नाहीत. अनेकदा त्या न झाल्याची नोंदही कुठे होत नाही, आणि मग काम वेळेत चालले आहे असेच कागदावर दिसते.

आता यात संगणकाला आणून पाहू. चिमणीवरच्या यंत्रांच्या नोंदी विश्वासार्ह असतील, तर ४०० पैकी सातत्याने मर्यादेत राहणाऱ्या ३०० कारखान्यांना दोन वर्षांतून एकच भेट पुरेल, म्हणजे वर्षाला १५०. उरलेल्या १०० कारखान्यांना मात्र वर्षाला चार भेटी द्याव्या लागतील, म्हणजे ४००. एकूण ५५० भेटी, १,१०० मनुष्यदिवस, दहा अधिकारी. त्यांना जोडून यंत्रे खरे मोजतात का हे पाहणारी आणि येणाऱ्या नोंदींतील विसंगती ओळखणारी दोन माणसे लागतील. पंधराच्या जागी बारा. माहिती तंत्रज्ञानाने झालेली खरी बचत ही एवढी असते. ती महत्त्वाची आहे, पण ती ‘विश्वासार्ह असतील तर’ या शब्दांवर टांगलेली आहे, आणि विश्वासार्हता राखायला जी दोन माणसे लागतात त्यांची पदे कोणत्याही जुन्या आकृतिबंधात सापडत नाहीत. संगणकाचा प्रस्ताव लिहिणारा पंधराच्या जागी दहा, म्हणजे पाच पदांची बचत दाखवतो. ही दोन पदे मागायची जबाबदारी मात्र त्याची नसते आणि पदे आणि नेमणुका पाहणाऱ्या आस्थापना शाखेला त्या प्रस्तावाची खबर नसते. दोन टेबलांमधली जागा म्हणतात ती ही.

यंत्र खोटे कसे बोलते, हेही सांगायला हवे. धूलिकण मोजणारी बरीच यंत्रे प्रकाशाचा किरण धुरातून पाठवतात आणि तो किती विखुरला किंवा अडला यावरून अंदाज बांधतात. इंधन बदलले, कणांचा आकार बदलला, काचेवर काजळी बसली की तो अंदाज सरकतो. म्हणून ठरावीक काळाने कोणीतरी चिमणीच्या फलाटावर चढून, धुराच्या वेगाशी जुळवून घेतलेला नमुना हाताने घेऊन, यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा लागतो. अशा यंत्रांच्या प्रमाणीकरणासाठी मंत्रालयाने २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेला जबाबदारी दिली, हे योग्यच झाले. परंतु कारखान्यात बसलेल्या यंत्राची फेरतपासणी ही शेवटी शिडी चढणाऱ्या माणसाचीच गोष्ट राहते.

गुजरातमधील दोन प्रयोग

माणसे वाढवली की प्रदूषण कमी होईल, असेही सरळ समीकरण नाही. याबाबत गुजरातमध्ये झालेले दोन प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी ते गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर केले.

पहिल्या प्रयोगात ९६० कारखाने घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या निम्म्यांच्या तपासण्या वाढवल्या. या कारखान्यांना मिळणाऱ्या भेटी दुपटीहून अधिक झाल्या, उल्लंघने जास्त सापडली आणि नोटिसाही वाढल्या. मोठ्या दंडात्मक कारवाया मात्र फारशा वाढल्या नाहीत आणि सरासरी प्रदूषणातही म्हणावी अशी घट झाली नाही. कारण असे निघाले की, आधीच्या कमी भेटींतही अनुभवी अधिकारी आपल्या अंदाजाने सर्वांत वाईट कारखान्यांकडेच जात होते. वाढीव भेटी सरसकट वाटल्या गेल्यामुळे त्या बहुतांशी थोडेफार उल्लंघन करणाऱ्यांकडे गेल्या, आणि कठोर कारवाई तर फक्त टोकाच्या प्रकरणांतच होत होती. म्हणजे पदांची संख्या वाढवणे पुरेसे नाही. अधिकाऱ्याची जाण ही एक साधनसंपत्ती आहे आणि संगणकाने ठरवलेल्या सरसकट यादीने ती पुसून टाकली तर नुकसान होते.

दुसरा प्रयोग अहमदाबाद आणि सुरत परिसरातील ४७३ कारखान्यांचा आहे. तिथे पर्यावरण लेखापरीक्षण खासगी लेखापरीक्षक करत आणि त्यांची निवड व मानधन कारखानदाराकडेच असे. त्यांच्या अहवालांत धूलिकणांचे आकडे मोठ्या संख्येने १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन थांबलेले दिसत होते, तर त्याच चिमण्यांच्या स्वतंत्र मोजणीत ते मर्यादेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले होते. मग व्यवस्था बदलली. लेखापरीक्षक कोणता हे चिठ्ठीने ठरू लागले, मानधन सामायिक निधीतून ठरावीक दराने मिळू लागले आणि काही अहवालांची उलटतपासणी होऊ लागली. अहवाल खरे येऊ लागले, आणि विशेष म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. माणसे तीच होती आणि यंत्रेही तीच. बदलले ते एवढेच की कोणी कोणाला पैसे द्यायचे आणि कोणी कोणाचे काम तपासायचे.

हा निष्कर्ष आज पुन्हा वाचण्याची वेळ आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. मंडळांकडे मनुष्यबळ अपुरे आहे हे मान्य करून नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षकांकडून तपासणी करून घेण्याची वाट त्यांत आखली आहे आणि लेखापरीक्षकाचे वाटप यादृच्छिक पद्धतीने करण्याची तरतूदही आहे. ही तरतूद चांगली आहे. पण उलटतपासणीला मंडळाची स्वतःची माणसे लागतातच. शंभर अहवालांपैकी दहा जरी पुन्हा तपासायचे म्हटले, तरी ते दहा तपासणारा अधिकारी त्या लेखापरीक्षकाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, जाणकार असावा लागतो. काम बाहेर दिले की आतल्या पदांची संख्या कदाचित कमी होईल, पण त्यांची पात्रता वाढवावी लागेल. आकृतिबंधात संख्या दिसते, पात्रता दिसत नाही. ती सेवाप्रवेश नियमांत असते, आणि ते नियम बदलणे हे सर्वांत सावकाश होणारे काम आहे.

परिवेश आणि वेगाचे माप

प्रकल्पांना मंजुरी देणे ही मंत्रालयाच्या कामाची दुसरी बाजू आहे आणि तिथे माहिती तंत्रज्ञानाने खरोखर मोठा बदल घडवला. १० ऑगस्ट २०१८ रोजी परिवेश हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यापूर्वी पर्यावरण, वन, वन्यजीव आणि सागरी किनारा क्षेत्र यांच्या परवानग्यांसाठी वेगवेगळ्या फायली वेगवेगळ्या वाटांनी फिरत. आता अर्ज, नकाशे, समित्यांच्या बैठकांचे इतिवृत्त आणि मंजुरीची पत्रे एका ठिकाणी येतात. एखाद्या गावकऱ्याला आपल्या नदीवरच्या प्रकल्पाचा अहवाल दिल्लीला न जाता पाहता येतो, हे या प्रणालीचे खरे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण फाइल वेगाने पोहोचणे आणि ती वाचली जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार तज्ज्ञ समितीने अंतिम अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत शिफारस करायची आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाने त्यानंतर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा, असे एकूण १०५ दिवस आहेत. समितीतील तज्ज्ञ पूर्णवेळ नसतात. ते निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, शास्त्रज्ञ असतात आणि ठरावीक दिवशी बैठकीला येतात. एकेका प्रकल्पाचे दस्तऐवज शेकडो पानांचे असतात. अर्ज येण्याची वाट रुंद केली आणि वाचणाऱ्यांची संख्या तीच ठेवली, तर खोळंबा फक्त दारातून टेबलावर सरकतो.

त्यात मापही चुकीचे निवडले गेले तर परिस्थिती आणखी बिघडते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने राज्यांच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणांना गुणांकन देण्याची योजना काढली. ८० दिवसांच्या आत मंजुरी दिली तर २ गुण, १०५ दिवसांच्या आत दिली तर १ गुण आणि त्याहून उशीर झाला तर शून्य. अर्जदाराकडे पुन्हा पुन्हा जादा माहिती मागितली नाही किंवा फार ठिकाणी स्थळपाहणी केली नाही, तर त्याचेही गुण होते. संगणकाला सहज मोजता येते ते मोजले गेले, हे यामागचे साधे कारण असावे. तारखा प्रणालीत आपोआप नोंदल्या जातात, निर्णयाचा दर्जा नोंदला जात नाही. विनाकारण विलंब लावणाऱ्या प्राधिकरणाला चाप हवा हे खरे. पण शंका आली म्हणून नदीकाठी जाऊन पाहणाऱ्या सदस्याचे गुण त्याबद्दल कापले जाणार असतील, तर ते माप त्याला चुकीचे काम शिकवते.

मंजुरी मिळाल्यानंतरचे काम तर जवळजवळ अदृश्य आहे. मंजुरीच्या पत्रात अनेक अटी असतात आणि प्रकल्पधारकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना त्यांच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. मंजुऱ्यांची संख्या दर वर्षी वाढते आणि जुन्या मंजुऱ्यांच्या अटीही कायम राहतात, त्यामुळे हे काम साचत जाते. मंजुरी देणाऱ्या टेबलाचे काम एका पत्राने संपते, तर देखरेख करणाऱ्या टेबलाचे काम त्याच पत्राने सुरू होते आणि पुढे अनेक वर्षे चालते. मनुष्यबळाचा कोणताही प्रामाणिक आराखडा या दुसऱ्या टेबलाकडे अधिक माणसे वळवील.

नकाशांबद्दल एक वेगळा मुद्दा नोंदवतो. परिवेशच्या नव्या आवृत्तीत प्रस्तावित जागा वनक्षेत्रात, अभयारण्याजवळ किंवा किनारा नियमन क्षेत्रात येते का, हे डिजिटल नकाशांवर तपासण्याची सोय आहे. पण नकाशा त्याच्या खालच्या दप्तराइतकाच खरा असतो. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाचे उदाहरण घ्या. सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली होती आणि ती वन आहे की नाही हा वाद दशकानुदशके चालला. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचा निर्णय दिला. त्या दिवसापर्यंत या जमिनीवर कोणत्याही सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर वादग्रस्तच ठरले असते. सातबारा, वनविभागाची अधिसूचना आणि प्रत्यक्ष जमीन यांचा मेळ घालणारे भूमापक, तलाठी आणि वनरक्षक मिळाल्याशिवाय नकाशाचा तो थर पक्का होत नाही.

संगणक प्रणालीला जन्म देणे आणि ती सांभाळणे

सरकारी अर्थसंकल्पात नवी प्रणाली उभारण्याचा खर्च ठळकपणे दिसतो. तिच्या देखभालीचा खर्च मात्र दर वर्षी नव्याने मागावा लागतो. प्रणाली चालू राहायची तर सुरक्षेची तपासणी, सर्व्हरची जागा, कायदा बदलला की अर्जाच्या नमुन्यात करायचे बदल, मदत कक्ष आणि जुन्या माहितीचे स्थलांतर हे सगळे लागते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने अनेक मंत्रालयांना ही सेवा दिली आहे. पण त्याच्यावरही मोठा भार आहे, म्हणून बाहेरच्या कंपन्या आणि कंत्राटी तंत्रज्ञ घेतले जातात. कंत्राट संपले की ते जातात आणि त्यांच्याबरोबर प्रणाली तशी का बांधली याची समजही जाते. म्हणून मंत्रालयात आणि प्रत्येक मंडळात निदान काही माणसे अशी हवीत की ज्यांना पर्यावरणाचे कामही कळते आणि प्रणालीची रचनाही कळते, आणि जी नियमित पदांवर आहेत. आज अशा पदांना स्वतंत्र संवर्ग नाही, त्यामुळे एखाद्या हौशी अभियंत्याच्या किंवा शास्त्रज्ञाच्या गळ्यात ते काम पडते आणि त्याची बदली झाली की थांबते.

१९८२-८३ मध्ये, इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत येण्याच्या फार आधी, मंत्रालयाने पर्यावरण माहितीचे देशव्यापी जाळे उभारायला सुरुवात केली. त्यातील केंद्रे विषयवार आणि राज्यवार वाटलेली होती आणि त्यांत कार्यक्रम अधिकारी, माहिती अधिकारी अशी नेमून दिलेली माणसे होती. तंत्र साधे होते, पण माहिती कोणी गोळा करायची याचे उत्तर योजनेतच होते. वाघांच्या संरक्षणासाठी २०१० पासून वापरात आलेली एम-स्ट्राइप्स प्रणालीही याच अंगाने पाहण्यासारखी आहे. वनरक्षक रोज गस्त घालतोच. त्याच्या हातात मोबाइल दिला, गस्तीचा मार्ग आणि दिसलेल्या खुणा त्यात नोंदवायला शिकवले, आणि व्याघ्रगणनेतही ती पद्धत वापरली गेली. नवे काम लादण्याऐवजी चालू कामातूनच माहिती निघाली. ताडोबा किंवा मेळघाटच्या वनरक्षकाला आपण नोंदवलेल्या माहितीचे पुढे काय झाले हे कळते, तेव्हा तो ती काळजीने नोंदवतो, असे मला वाटते.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीमुळे सरकारी कर्मचाऱ्यांना ऑनलाइन अभ्यासक्रम सहज मिळू लागले आहेत. मात्र पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची संख्या म्हणजे क्षमता नव्हे, आणि वर हिशेब केलेल्या कार्यालयातील त्या तिघांना अभ्यासाला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न राहतोच. क्षेत्र अधिकाऱ्याला हवे असते ते अगदी नेमके शिक्षण: यंत्राच्या नोंदींचा आलेख सलग सपाट दिसू लागला तर कोणता संशय घ्यायचा, आणि संशय आल्यावर पहिल्या तासात काय करायचे.

कायदा बदलला की माणसांची गरजही बदलते, हेही आराखड्यात धरावे लागते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातील आणि पर्यावरण संरक्षण कायद्यातील अनेक अपराधांसाठीची तुरुंगवासाची शिक्षा काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचे दंड आणले, आणि ते ठरवण्यासाठी अभिनिर्णय अधिकारी नेमण्याची तरतूद केली. न्यायालयातील काम प्रशासनाकडे आले. त्यासाठी सुनावणीची पद्धत जाणणारे अधिकारी, लिपिक, नोटिसांचा आणि दंडवसुलीचा हिशेब ठेवणारी प्रणाली, आणि त्या प्रणालीला चिमणीवरच्या यंत्राच्या नोंदींशी जोडणारा दुवा लागेल. हा दुवा पहिल्या दिवसापासून आखला गेला, तर रात्री अडीचचा आकडा, सकाळची भेट, मोहोरबंद नमुना, विश्लेषकाचा अहवाल आणि सुनावणीची तारीख एकाच प्रकरण क्रमांकाखाली दिसू शकतील. तो नंतर जोडायचा ठरला, तर पाच विभागांत पाच नोंदवह्या तयार होतील.

वाचकाला आपल्या भागापुरते हे तपासता येते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी आपल्या हद्दीतील कारखान्यांच्या यंत्रांकडून मर्यादा ओलांडल्याचे किती इशारे आले, त्यांपैकी किती इशाऱ्यांनंतर प्रत्यक्ष भेट देऊन नमुना घेतला गेला, आणि त्या वर्षी क्षेत्र अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती व भरलेली किती होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगणकाकडे असते, तिसऱ्याचे आस्थापना शाखेकडे. दुसऱ्याचे उत्तर कोणत्या टेबलाकडून येते, आणि ते येते का, हे पाहावे.